पाच चिंचोके

आमच्या टेबलावर एक माणूस असा होता की साधी नदी ओलांडायला पाऊण तास घ्यायचा. नदी खरी नव्हती. माझ्या तोंडून निघालेली चार शब्दांची नदी. मी म्हणायचे, "समोर नदी आहे, काठाला नाव बांधली आहे, पलीकडे जंगल. बोला, काय करता?" बाकी तिघं म्हणायचे, बसतो नावेत. हे म्हणायचे, "आता हे पाहा मॅडम. पाणी कोणत्या रंगाचं आहे?"

"पाण्याच्या रंगाचं."

"तसं नाही ना. गढूळ असन तं वरती कुठंतरी पाऊस पडला. हिरवं असन तं खाली डोह आहे. डोहात बांबू टेकत नाही, मंग नाव काय फुंकून चालवसान?"

मग कन्हान नदी निघायची. खाप्याची कन्हान, त्यांच्या लहानपणची, तिच्या काठचे डोंगे, डोंगा चालवणारा त्यांचा मामा, मामाची भांडखोर बायको, त्या बायकोच्या हातची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी. आणि सांबारवडीवरून आठवलं म्हणून पिशवीतून डबा निघायचा, तो टेबलावर फिरायचा, आणि आमची नाव तशीच काठाला बांधलेली. माझं डोकं उठायचं. मी तोंडात सांबारवडी घालून चिडलेली असायचे, आणि चिडून खाल्लेल्या वडीची चव काही लागत नाही.

खेळ काय ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल या लोकांच्या डोक्यात ऊन गेलं. पाचसहा माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार. आमच्याकडे ती मी. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी धनुर्धारी, कोणी वैद्य, कोणी चोर. सूत्रधार म्हणतो समोर वाघ आहे, आणि ज्याची पाळी असेल तो सांगतो, माझा माणूस झाडावर चढतो. चढता आलं की नाही ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. हरणं-जिंकणं असं काही नसतं. गोष्ट पुढे सरकते, रविवार संपतो, सोमवारी सगळे आपापल्या कामाला. हा खेळ परदेशातून आलेला, पण मी त्यातली भुतंखेतं काढून टाकली. आमची गोष्ट सातपुड्यातली होती. बैलांचे तांडे, घाट, किल्ले, नद्या. नद्या घातल्या ही माझी चूक.

सदर भागात मयूरचं औषधांचं दुकान आहे. रविवारी दुपारी ते बंद असतं, तेव्हा वरच्या खोलीत आम्ही एक ते पाच बसायचो. मयूर आमचा चोर. निखिल बँकेत, आठवडाभर काउंटरवर बसून वैतागलेला, तो धनुर्धारी. श्वेता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, बोलायला अतिशय लाजरी, ती वैद्य. आणि मी. मी प्राथमिक शाळेत शिकवते, दुसरीचा वर्ग.

नदीवर अडणारे ते काका मयूरचे गिऱ्हाईक. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायचे. एका रविवारी शटर अर्धं वर दिसलं म्हणून आले आणि वरचा आमचा आरडाओरडा ऐकून खालूनच विचारलं, "मयूरभाऊ, भांडण चालू आहे का? साक्षीदार पाहिजे का?" मयूरने हसत वर बोलावलं. ते पाहायला आले, खुर्ची ओढून बसले, ते बसलेच. पुढच्या रविवारी एकला दहा कमी असताना जिन्यावर उभे.

पात्र निवडताना मी त्यांना तलवार देऊ केली. "मले तलवार नको," ते म्हणाले. "तलवारवाल्याशी कोणी बोलत नाही, घाबरतेत त्याले. मले नाव द्या. नावाड्याशी सगळे बोलतेत." असे ते नावाडी झाले.

आयुष्यभर ते कोर्टात लघुलेखक होते. समोरचा बोलतो आणि आपण खुणांच्या लिपीत भराभर उतरवून घ्यायचं, ते काम. रिटायर होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण हात थांबला नव्हता. लांबट वही घेऊन यायचे आणि आमचा खेळही उतरवून घ्यायचे. समासात दर दहा मिनिटांनी वेळ टाकायचे, कोर्टातली सवय. ती लिपी आमच्यापैकी कोणालाच यायची नाही. मी एकदा विचारलं, कशाला लिहिता काका, वाचणार कोण? तर म्हणाले, "वाचत तं तिथंबी कोणी नव्हतं."

आणखी एकदा, चहा पिताना, मी न विचारताच त्यांनी सांगितलं होतं. "कोर्टात जज बोले, वकील बोले, साक्षीदार बोले, पट्टेवाला तं ओरडेच. न बोलणारा मी एकला. तीस वर्षं वं मॅडम! दुसऱ्याचं तोंड अन् माहा हात. आता घरी बोलाव म्हटलं तं तुमच्या काकू टीव्हीचा आवाज वाढवतेत. मी अजून बोललो तं त्या अजून वाढवतेत. शेजारचा येऊन म्हणते, दोनही बंद करा." ते स्वतःच खूप हसले यावर. मीही हसले. मग म्हणाले, "इथं तुमी ऐकता बापा. रविवार आहे म्हणून आठवडा जाऊन राहिला." तेव्हा मी घड्याळ पाहत होते. चार वाजत आले होते आणि आम्हाला अजून घाट चढायचा होता.

त्यांच्या बोलण्याने खेळ बिघडायचाच असं म्हणणं मात्र खोटं होईल. एकदा आमची मंडळी एका किल्ल्याच्या दाराशी पोचली. दारावर एक पहारेकरी होता. त्याला मी नावसुद्धा दिलं नव्हतं, तो मरायलाच उभा केला होता. निखिलने बाण लावला, फासा उचलला. तेवढ्यात काका, "थांब गा. आधी मले बोलू दे." आणि माझ्याकडे वळून, म्हणजे त्या पहारेकऱ्याकडे वळून, "राम राम भाऊ. जेवले का?"

आता सूत्रधाराला उत्तर द्यावंच लागतं. मी म्हटलं, नाही.

"मंग इतक्या उन्हात उभं काहून केलं तुमाले? गाव कोणतं? घरी कोण कोण आहे?"

त्यांनी विचारत जावं आणि मी सांगत जावं. अर्ध्या तासात त्या पहारेकऱ्याला आई झाली, लंगडा बैल झाला, दोन वर्षं घरी न गेल्याचं दुःख झालं. यातलं काहीही मी आधी ठरवलेलं नव्हतं, कुठून येत होतं देव जाणे. शेवटी निखिलने फासा खाली ठेवला. "मी नाही मारत याले," म्हणाला. पहारेकऱ्याने आपणच दार उघडलं. काकांनी वहीत वेळ टाकली आणि म्हणाले, "चला, आता मुद्द्यावर या." घरी जाताना स्कूटरवर मला वाटत होतं, हा खेळ असाच खेळायचा असतो. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कौतुक केलं तर आणखी बोलतील, ही भीती.

कारण दुसरी बाजू होती, आणि ती बाजू म्हणजे श्वेता. या पोरीची पाळी आली की ती आधी मनात वाक्य जुळवायची, पाणी प्यायची, मग "मी..." म्हणायची. आणि काका मायेने तिचं वाक्य पूर्ण करायचे. "हो पोरी, तू झाडपाला आणते, लेप लावते. आता हे पाहा, लेप कसा करतेत तुले सांगतो..." तिला लेप लावायचाच नसायचा. तिला काय करायचं असायचं ते आम्हाला कधी कळायचंच नाही. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड नाही धरता येत. त्यात हे तोंड प्रेमळ.

मी आधी सूचकपणे सांगून पाहिलं. मग एकदा खाली टपरीवर नेऊन एकट्याला सांगितलं, काका, दुसऱ्यांनाही बोलू द्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. कान धरले. "मले समजतच नाही वं, मी बोलून राहिलो ते. सुरू झालं की नळासारखं होते." आणि वर येऊन वीस मिनिटं तेच समजावलं सगळ्यांना, की आपण कसं कमी बोललं पाहिजे.

तेव्हा माझ्यातली बाई जागी झाली, शाळेतली. दुसरीच्या पोरांना बेरीज-वजाबाकीसाठी मी चिंचोके देते. एका रविवारी डबा भरून चिंचोके आणले आणि नियम केला. प्रत्येकाला पाच. आपल्या पाळीला कितीही बोला, पण दुसऱ्याच्या पाळीत तोंड उघडलं की एक चिंचोका मधल्या वाटीत. पाच संपले की आपली पाळी येईपर्यंत गप्प. वर्गात हा उपाय मी कितीदा केला आहे, कधी फसला नाही.

इथे पहिल्याच रविवारी फसला. काकांचे पाच पहिल्या दहा मिनिटांत गेले. मी वाटीकडे बोट दाखवलं, तर त्यांनी गंभीर चेहऱ्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि मूठभर चिंचोके काढून टेबलावर ठेवले. घरून आणलेले! "आमच्याकडे किलोभर आहेत मॅडम. तुमाले पाहिजेत का?" मयूर खुर्चीवरून पडायचा राहिला. मलाही हसू येत होतं, पण मी दाबलं. पुढच्या आठवड्यात माझ्या चिंचोक्यांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. काकांनी एक उचलून उजेडात धरला, ठिपका पाहिला आणि हळूच म्हणाले, "मोहोर लागली म्हणजे." त्यानंतर मात्र त्यांनी नियम मोडला नाही. पाच संपले की ओठांवर बोट ठेवून बसायचे. पण मधेच बोट सुटायचं, वाक्य निसटायचं, मग जीभ चावायचे. त्यांचे हाल होत होते ते दिसत होतं. मला वाटायचं, होऊ दे, सवय लागेल.

मे महिन्यात श्वेताने मला मेसेज केला की मी आता येत नाही ताई, माझं बोलणं तिथे होतच नाही. मी मयूर आणि निखिलला फोन केला. निखिल स्पष्ट म्हणाला, काका किंवा आम्ही. मयूर म्हणाला, "म्हातारा माणूस आहे वं, पण ठीक आहे. तू म्हणशील तसं." ठरलं असं, की एक रविवार आणखी पाहायचा. त्या दिवशी ते नियमात राहिले तर राहतील, नाही तर जड मनाने सांगून टाकायचं, आता येऊ नका. निकाल खेळ संपल्यावर द्यायचा. श्वेताला म्हटलं, एवढा रविवार ये.

शनिवारी मी काकांना फोन केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. फोनवर ते पहिल्यांदाच गप्प होते. मग म्हणाले, "समजलं. म्हणजे उद्याचं पाहून ठरवसान."

"हो काका."

"नाही बोलत मी. पाहा तुमी. नाहीच बोलत."

आता मी काय केलं तेही सांगते. मला त्यांची परीक्षा सोपी करायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला एक शांत रविवार पाहिजे होता. मी गोष्ट अशी रचली की मंडळी किल्ल्यात जातील आणि नावाडी नावेजवळ थांबेल. म्हणजे दोन-अडीच तास काकांची पाळीच येणार नाही.

त्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. काका एकला दहा कमी असताना आले. घाम पुसत बसले, वही उघडली, वेळ टाकली. खिडकीतला कूलर घरघरत होता. खेळ सुरू झाला, नाव काठाला लागली, मी म्हटलं, "नावाडी इथेच थांबतो." ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं असणार. तीस वर्षं कोर्टात बसलेला माणूस, डाव ओळखणार नाही का? पण काही बोलले नाहीत.

तरी पहिल्या पाऊण तासात पाच चिंचोके गेलेच. नावेचा दोर कुठे बांधला, हा एक. पाणी चढतं की उतरतं, हा दुसरा. असे पाच. प्रत्येक वेळी आपणच मुकाट्याने चिंचोका वाटीत टाकत होते. मग ओठांवर बोट.

थोड्या वेळाने, निखिल तटावर चढत असताना, ते खुर्चीत जरा सरकले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, मले जरा..."

मी मान वर न करता वाटीकडे हात केला. "संपले काका."

त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग हसले. अर्धवट हसू होतं, एका बाजूचं. मला वाटलं चिडवून राहिले. आणि ते खरंच गप्प बसले.

काय सुंदर खेळ झाला म्हणून सांगू! हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. श्वेता बोलली. सलग पाच मिनिटं बोलली. किल्ल्यातल्या आजारी सरदाराला औषध द्यायचं की नाही यावर तिने निखिलशी वाद घातला. तिला काय काय करायचं असायचं ते त्या दिवशी आम्हाला कळलं. तीन वाजता मयूरने चहा आणला. काकांनी कप उचलला नाही. मे महिन्यात कोणाला चहा पाहिजे, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मयूर म्हणाला, "काका, आज तं तुमी कमाल केली!" आणि आम्ही चौघांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी श्वेताकडे पाहिलं, तिने मान डोलवली. निखिलनेही. निकाल लागला होता, काका राहणार होते.

साडेतीनच्या सुमारास मंडळी किल्ल्यातून पळत नदीवर आली. मी म्हटलं, "बोला नावाडी, आता तुमची पाळी. मनसोक्त बोला."

काकांनी तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. परत प्रयत्न केला. निखिल हसला, त्याला वाटलं नाटक करताहेत, इतका वेळ गप्प ठेवल्याचं. मयूर म्हणाला, ऊन लागलं असन, आणि पाण्याचा ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर सांडलं.

"त्यांचं तोंड वाकडं झालं आहे!" ही किंकाळी श्वेताची. खोलीभर ऐकू जाईल असं ती प्रथमच बोलली होती. "हात पाहा त्यांचा! हात पाहा!" उजवा हात वहीवर मेल्यासारखा पडला होता.

लकव्याचा झटका होता. मयूर रोज त्याच औषधांच्या चिठ्ठ्या वाचतो. त्याने नंतर मला विचारलं, मला कसं समजलं नाही? चौघंही त्यांच्यासमोर बसलो होतो. मुका झालेला माणूस आम्हाला शहाणा झालेला वाटला.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न लावून धरला. शेवटचे नीट कधी बोलले? नक्की वेळ सांगा, त्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं. मयूर म्हणाला, आत्ताच, तासभर झाला असेल. मी काकांची वही पिशवीत टाकून आणली होती. का आणली माहीत नाही. ती उघडली. समासात वेळा होत्या. दीड, एक चाळीस, खालच्या खुणा सरळ रेषेत. एक पन्नासच्या पुढच्या ओळी उतरत गेल्या होत्या आणि मग नुसती रेघ. मी म्हटलं, "पावणेदोन-दोन. तेव्हा ते काही सांगत होते." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. साडेचार वाजत होते. अजून वेळ हातात होता म्हणून इंजेक्शन दिलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "दोन तास आधी आणलं असतं तर फार फरक पडला असता."

काकू धावत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, चिंचोक्यांसकट. वाटलं होतं बोलतील, शिव्या देतील. बाकावर बसून त्या म्हणाल्या, "मी तं घरी टीव्ही मोठा करत होती वं."

काका त्यातून वाचले. पुढे दीड वर्ष होते. गेल्या थंडीत झोपेतच गेले, दुसऱ्या झटक्याने. पहिले तीन महिने सोडले तर त्या दीड वर्षात ते आमच्या टेबलावर होते. नाव चालवायचे. एका पाळीला कधी दहा मिनिटं लागायची, कधी पंधरा. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. नियम-बियम काही उरला नव्हता. श्वेताच्या तोंडावर त्यांचा पुढचा शब्द यायचा, तो ती गिळून टाकायची. निखिल दोन महिन्यांनी यायचा बंद झाला, म्हणाला मला पाहवत नाही. मला? मला तेव्हाही चीड यायची. खोटं कशाला बोलू! मी मांडीखाली हात दाबून बसायचे आणि थांबायचे.

पण ते टेबलावर परत कसे आले ते सांगायचं राहिलं.

झटक्यानंतर तीन महिने आम्ही अधूनमधून नंदनवनला त्यांच्या घरी जायचो. चौघं मिळून, फळं घेऊन. प्रेशर किती आहे, व्यायाम शिकवणारा येतो का, जेवण जातं का. काका खुर्चीतून पाहत राहायचे. बोलायला लागले की त्यांना दम लागायचा, मग आम्हीच म्हणायचो, राहू द्या काका, आराम करा. आणि उठायचो.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी एकटी गेले. कबूल करायला गेले होते. काकूंनी दार उघडलं. टीव्हीवर कापड टाकलेलं होतं. काका दाराकडे तोंड करून बसले होते, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"कुठे निघाले का?" मी विचारलं.

"काही समजत नाही," काकू म्हणाल्या. "दर रविवारी बारा वाजले की शर्टासाठी इशारे करतेत. घालून देतो आम्ही. मंग असे बसतेत पाच वाजेपर्यंत. फिरायले नेतो म्हटलं तं नाही म्हणतेत."

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही मला काही सांगत होते. मी अडवलं. तुम्हाला आठवतं?"

त्यांनी मान हलवली. मग बोलायला लागले. मी हातातल्या पिशवीचे बंद घट्ट धरले आणि थांबले.

"हात," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने, "जड." मग, "झाला होता."

"तुम्हाला समजलं होतं?"

मान हलली. होय.

"मग बोलले काहून नाही? चिंचोके गेले चुलीत! ओरडायचं होतं, टेबल उलथवायचं होतं! इतकी कसली हौस हो काका, जीव गेला असता!" मी खरंच ओरडत होते, आजारी माणसावर. काकू आतून धावत आल्या.

काका शांत होते. डावा हात उचलून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमी," म्हणाले. "म्हटलं... होतं. उद्याचं... पाहून... ठरवू."

ते माझ्याकडे पाहत होते. माझ्या वर्गातली पोरं निकालाच्या दिवशी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहतात तसं. आणि मग मला समजलं. निकाल आम्ही चौघांनी डोळ्यांनीच लावला होता, त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. तीन महिने सफरचंदं घेऊन येत होतो, आणि एकानेही सांगितलं नव्हतं.

"मंग," काका म्हणाले. थुंकी गिळली. "मी... आहो... का नाही?"

"आहा," मी म्हटलं. "टेबलावर आहा काका. त्याच दिवशी ठरलं होतं. सगळ्यांनी ठरवलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं थकले, आता उठावं. तेवढ्यात त्यांचे ओठ हलायला लागले. मी थांबले, काकू दारात थांबल्या. शब्द यायला फार वेळ लागला.

"पुढच्या... रविवारी... किती वाजता?"

"एक वाजता," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरलं नाही.